बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

पत्र : डॉक्टर, नमस्कार. माझे सासरे अण्णा, वय ६७. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना ब्रेन हॅमरेज झालं. डोक्याचं ऑपरेशन करावं लागलं नाही, पण उजवी बाजू अजून कमजोर आहे आणि बोलणं अडखळतं. आता उजव्या जांघेत हर्निया झालाय आणि सर्जननी ऑपरेशन सुचवलंय. तपासणीच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या. माझे मिस्टर म्हणाले, ‘बीपीची एक चालू आहे.’ घरी येऊन मी अण्णांचा बिस्किटांचा डबा उघडला, तर टेल्मिसार्टन, आर्कामिन, एप्टॉइन, इकोस्प्रिन, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आणि लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल निघाल्या. इकोस्प्रिन तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केली होती. मिस्टर म्हणतात, एवढं सगळं सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल. चुलत सासरे म्हणतात, आठ दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करा, म्हणजे भुलीवर उलटत नाहीत. भूल देताना पुन्हा हॅमरेज होईल का? पाठीतलं इंजेक्शन चालेल का? आणि एक मनातलं. हॅमरेजच्या आधी तीन आठवडे अण्णांनी बीपीची गोळी आपणहून बंद केली होती, बीपी नॉर्मल आलं म्हणून. गोळ्या मीच आणून देते. माझ्या लक्षात आलं नाही. ते डोक्यातून जात नाही.
— एक सून, ता. वाई, जि. सातारा

ताई,

ऑपरेशनची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून आधी कामाचं सांगते. उद्या सकाळी तो डबा उचला आणि त्या भूलतज्ज्ञांकडे घेऊन जा. नुसती यादी करून नेऊ नका, डबाच न्या. यादीत ‘इकोस्प्रिन’ एवढाच शब्द येतो. ती ७५ ची आहे की १५० ची, साधी आहे की तिच्यात आणखी एखादं औषध मिसळलेलं आहे, हे स्ट्रिप बघितल्यावरच कळतं. नावापुढचं एखादं अक्षर बदललं की आतलं औषध बदलतं. शिवाय स्ट्रिपमधल्या किती गोळ्या फोडल्यात, त्यावरून अण्णा त्या खरंच रोज घेतात का, तेही दिसतं. सोबत हॅमरेजच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट घ्या. तोवर डायक्लोफेनॅक आणि लसणाच्या कॅप्सूल सोडून एकही गोळी बंद करू नका.

तुमच्या मिस्टरांवर रागावू नका. मी त्यांच्यासारखे पुष्कळ मुलगे पाहिलेत, आणि त्यातला एक मला विसरताच येत नाही. मी स्वतः भूलतज्ज्ञ. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या हॉस्पिटलात एका आजींच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. गोळ्या विचारल्या, तर मुलगा म्हणाला, ‘बीपीची एक, बाकी काही नाही.’ मीही तेच केस पेपरवर लिहिलं. आजींना कुशीवर वळवलं, पाठ औषधाने पुसली, सुई हातात घेतली. त्यांनी घाबरू नये म्हणून मी बोलत होते. रात्री झोप लागली का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘लागली बाई, पण संध्याकाळची ती अर्धी गोळी राहिली. पोरानं दिलीच नाही काल.’ कसली अर्धी गोळी? ‘पायात रक्ताची गाठ झालती ना, तिची.’

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. रक्त पातळ करणारी गोळी होती, आणि रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारी तपासणी, जिला आम्ही आयएनआर म्हणतो, मी मागवलीच नव्हती. ती माझी चूक. औषध न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो, आजींचा ३.४ आला. ती सुई पाठीत गेली असती तर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून आजींचे दोन्ही पाय कायमचे जाऊ शकले असते. मुलाने लपवलं ते एवढ्यासाठी, की सांगितलं तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवतील आणि खर्च झेपणार नाही. प्रत्यक्षात काय झालं? जीवनसत्त्व ‘के’चं इंजेक्शन दिलं, आयएनआर खाली येईपर्यंत थांबलो, आणि त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मिस्टरांना हे वाचून दाखवा. खरं सांगितलं तर फार तर तारीख पुढे जाते.

आता चुलत सासऱ्यांचा सल्ला. ते काळजीने बोलतात, आणि हा समज घरोघर आहे. पण अण्णांच्या बाबतीत तो पाळला तर जे होऊ नये म्हणून आपण धडपडतोय तेच होऊ शकतं. डब्यातल्या प्रत्येक गोळीचा नियम वेगळा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी आर्कामिनची वाटते. तिच्यात क्लोनिडिन नावाचं औषध असतं. ते मेंदूतून निघणारे बीपी वाढवणारे संदेश दाबून धरतं. रोज घेणाऱ्याने ते अचानक सोडलं की दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसं होतं. एक-दोन दिवसांत बीपी उसळतं, पुष्कळदा औषध सुरू करण्याआधी होतं त्याच्याही वर जातं. हॅमरेज होऊन गेलेल्या माणसाचं बीपी असं उसळू देणं म्हणजे सरळ धोका ओढवून घेणं. ही गोळी ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा घ्यायची असते.

इथे ‘उपाशी राहा’चा घोळ होतो. पेशंटला सांगितलेलं असतं की काही खायचं-प्यायचं नाही, म्हणून घरचे गोळ्याही चुकवतात. हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं असतं, आणि साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. अण्णांना गिळायला त्रास असेल तर मात्र तुमचे डॉक्टर वेगळी वेळ सांगतील. जी गोळी घ्यायला सांगितली असेल ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर खुशाल द्या. त्या घोटाने उपास मोडत नाही.

एप्टॉइनचंही तसंच. ही फिट येऊ नये म्हणून दिलेली फेनिटॉइनची गोळी. ती चुकली आणि अण्णांना फिट आली तर बीपी चढतं, श्वास अडतो, मेंदूवर ताण येतो. ती चालूच ठेवायची. पण ती चालू आहे हे भूलतज्ज्ञांना ठाऊक हवं, कारण बरेच महिने फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या अंगात स्नायू सैल करणारी आमची काही औषधं, व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियम, नेहमीपेक्षा लवकर उतरतात. ठाऊक नसेल तर पेशंट मध्येच खोकतो, हालचाल करतो, आणि आम्ही कारण शोधत बसतो. ठाऊक असेल तर मात्रा आधीच त्या हिशेबाने ठरते.

टेल्मिसार्टन या बीपीच्या दुसऱ्या गोळीचं याच्या उलट. त्या गटातल्या गोळ्या सकाळी घेतल्या असतील तर भूल दिल्यावर बीपी फार खाली जाऊ शकतं, म्हणून पुष्कळ भूलतज्ज्ञ त्या चोवीस तास आधी थांबवायला सांगतात. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात गोळी चालू ठेवणाऱ्यांचं बीपी भुलीखाली जास्त वेळा पडलं, पण मोठे धोके दोन्ही गटांत सारखेच निघाले. त्यामुळे याबाबत तुमचे डॉक्टर म्हणतील तसं करा. एक गोळी सकाळी द्यायची आणि दुसरी नाही, असं दोन्ही बीपीच्या असूनही होऊ शकतं, हे लक्षात असू द्या. गोंधळ नको म्हणून त्यांच्याकडून स्ट्रिपवरच पेनाने लिहून घ्या.

इकोस्प्रिन हा खरा नाजूक प्रश्न. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ते देतात, आणि एका प्लेटलेटवर झालेला परिणाम ती जिवंत असेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. हॅमरेज झालेल्या माणसाला ॲस्पिरिन कधीच देत नाहीत, असं मात्र नाही. गुठळीचा धोकाही मोठा असेल, हृदयात स्टेंट असेल, तर विचारपूर्वक देतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात हॅमरेजनंतर अशा गोळ्या पुन्हा सुरू केलेल्या पेशंटना पुन्हा हॅमरेज होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. म्हणून घाबरून जाऊ नका. पण एक गोष्ट या आठवड्यातच शोधा : ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांना हॅमरेजचं माहीत होतं का? मला शंका आहे, कारण जिथे भूलतज्ज्ञांना ‘बीपीची एक’ सांगितलं गेलं, तिथे त्यांनाही तेवढंच सांगितलं गेलं असेल. त्यांना भेटा, डिस्चार्ज कार्ड दाखवा, आणि ती कशासाठी दिली हे लिहून घ्या. हॅमरेजचा इलाज करणाऱ्या डॉक्टरांनाही विचारा. मेंदूत खोलवर, बीपीमुळे होणारं हॅमरेज वेगळं आणि मेंदूच्या पृष्ठभागाजवळचं वेगळं. दुसऱ्या प्रकारात म्हातारपणी रक्तवाहिन्यांच्या भिंतीच ठिसूळ झालेल्या असू शकतात, आणि तिथे अशा गोळ्यांचा विचार जास्त जपून करावा लागतो. सीटीचा रिपोर्ट मागितला तो यासाठीच. हर्नियापुरतं सांगायचं तर नुसत्या ॲस्पिरिनमुळे पाठीतलं इंजेक्शन अडत नाही. प्लेटलेटवरचंच दुसरं औषध, क्लोपिडोग्रेल, असेल तर मात्र पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं.

डायक्लोफेनॅक का बंद करायचं? त्याने प्लेटलेटवर परिणाम होतो, बीपी वाढतं, आणि इकोस्प्रिनबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. मेडिकलमधून आणून खाल्लेली ही गोळी घरच्यांना ‘औषध’ वाटतच नाही, म्हणून ती कधी यादीत येत नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. नाक चोंदल्यावर घेतात त्या सर्दीच्या गोळ्याही नकोत. त्यांतल्या काही औषधांनी बीपी चढतं. भाजीतला लसूण खाऊ द्या, अर्काच्या कॅप्सूल नकोत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, भूल देताना पुन्हा हॅमरेज होईल का. भुलीच्या औषधाने रक्तवाहिनी फुटत नाही. ती फुटते बीपीच्या उसळीने. बीपीमुळे होणाऱ्या हॅमरेजमध्ये मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं मार खाऊन झिजलेल्या असतात. पूर्ण भुलीत श्वासनळीत नळी घालण्याचे काही सेकंद आमच्या कामातले सगळ्यात सांभाळायचे, कारण त्या क्षणी बीपी झपकन चढतं. म्हणून नळी घालण्याआधी ती उसळ दाबणारी औषधं देतो, आणि हात अगदी हलका ठेवतो. बीपी फार खालीही चालत नाही. ज्याला वर्षानुवर्षं जास्त बीपीची सवय आहे त्याच्या मेंदूला कमी बीपीत रक्त पुरत नाही. अण्णांचं ‘नेहमीचं’ बीपी किती, हे आम्हाला कळलं तर त्याच्या आसपास ठेवता येतं. म्हणून आजपासून सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, बीपी मोजा आणि वहीत लिहा. ती वही मला कुठल्याही ‘फिटनेस’च्या कागदापेक्षा मोलाची वाटते. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर हर्नियासारखं ऑपरेशन थांबवून आधी बीपी आटोक्यात आणतात. एरवीसुद्धा हॅमरेज झालेल्यांचं बीपी १३०/८० च्या आसपास असावं, असं सध्या मानलं जातं.

चौदा महिने उलटलेत हीसुद्धा जमेची बाजू. गुठळीच्या पक्षाघातानंतर लगेच केलेली ऑपरेशनं किती धोक्याची ठरतात, याचा डेन्मार्कमध्ये मोठा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये तो छापून आला. पहिल्या तीन महिन्यांत धोका फार होता आणि नऊ महिन्यांनी तो बराच खाली येऊन स्थिरावला. हॅमरेजसाठी तेवढी मोठी आकडेवारी नाही, पण थांबता येण्याजोगं ऑपरेशन आम्ही त्यातही महिनोन्‌महिने पुढेच ढकलतो.

पाठीतलं इंजेक्शन अण्णांसाठी चांगला पर्याय ठरू शकतो. डोक्यात सूज किंवा दाब असताना ते देत नाहीत, कारण पाठीतून पाणी निघालं की वरचा मेंदू खाली सरकण्याची भीती असते. पण अण्णांच्या डोक्यात साचलेलं रक्त विरघळून गेलेलं असेल, नवीन डोकेदुखी-उलट्या नसतील, तर ती अडचण उरत नाही. हर्नियाचं ऑपरेशन नुसता तो भाग बधिर करूनही होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा मात्र मी अण्णांसाठी आग्रह धरणार नाही. त्यात पूर्ण भूल लागते, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, डोकं उतरतं ठेवतात, आणि या सगळ्याने डोक्यातला दाब वाढतो. निर्णय अर्थात समोर बघणाऱ्या डॉक्टरांचा.

उजवी बाजू किती कमजोर आहे, हे त्यांना नीट दाखवा. स्कोलिन नावाचं एक झटपट काम करणारं औषध आम्ही नळी घालताना वापरतो. लुळ्या पडलेल्या स्नायूंवर ते पडलं की त्यांच्यातून पोटॅशियम एकदम रक्तात उतरू शकतं आणि हृदयाची लय बिघडते. हा धोका पक्षाघातानंतर काही दिवसांत सुरू होतो, महिनोन्‌महिने राहतो, आणि कमजोरी टिकून असेल तिथे आम्ही ते औषध टाळतो. शिवाय भूल उतरताना स्नायू जागे झाले का, हे मनगटाशी बारीक विजेचा झटका देऊन बघतात. तो कमजोर हातावर दिला तर उत्तर फसवं येतं. औषधाचा अंमल बाकी असतानाही बोटं जोरात उडतात. म्हणून अण्णांचा डावा हात वापरायचा. पाणी पिताना त्यांना ठसका लागतो का, तेही सांगा.

आणखी एक काम तुमच्या मोबाइलवर करा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा : दोन्ही हात वर उचलताना, चालताना, आपलं नाव-गाव सांगताना, हसताना. भुलीच्या आणि गुंगीच्या औषधांनी जुना पक्षाघात काही काळ पुन्हा ठळक दिसू शकतो. शुद्धीवर आल्यावर उजवा हात जड दिसला की रिकव्हरीत उभ्या असलेल्या डॉक्टरला प्रश्न पडतो, हे जुनंच आहे की नवीन? तुमचा व्हिडिओ त्याला त्याच क्षणी कामाला येईल.

घरी आल्यावर दुखणं दाबून ठेवू देऊ नका, लघवी तुंबू देऊ नका, पोट साफ राहू द्या. कण्हणं, कुंथणं, दुखणं, सगळ्याने बीपी चढतं. बीपीची जी गोळी थांबवली असेल ती पुन्हा कधी सुरू करायची, हे डिस्चार्जच्या वेळी विचारल्याशिवाय गाडीत बसू नका.

आता ते मनातलं. १९४५ च्या १२ एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. शेवटच्या त्या दुपारी त्यांचं बीपी ३००/१९० मोजलं गेलं. ते कित्येक वर्षं चढत होतं, डॉक्टरांना आकडे दिसत होते, पण ते नीट खाली आणणारं औषधच तेव्हा नव्हतं. आज ते आपल्या गावच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं, आणि तरी लोक ते सोडतात, कारण बीपी दुखत नाही. गोळीने बीपी नॉर्मल येतं आणि नॉर्मल आलं म्हणून गोळी सुटते. अण्णांनी तेच केलं. शिकलेसवरलेले लोकही तेच करतात. तुम्ही गोळ्या आणून देत होता. एका मोठ्या माणसाने गोळी तोंडात घातली की नाही, हे सुनेने रोज उभं राहून बघायचं, असं कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांनीच घात केला, असं आज कुणीही खात्रीने म्हणू शकत नाही. त्या रक्तवाहिन्या त्याआधी कित्येक वर्षं झिजत होत्या. आणि तो डबा उघडून बघायचं घरात कुणाला सुचलं? तुम्हालाच ना?

दोन गोष्टी मिस्टरांनाही पाठ असू द्या. हर्नियाची गाठ कडक झाली, आत जाईना, दुखून उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच तासाला निघायचं. आणि कधी अण्णांचं तोंड वाकडं झालं, बोलणं आणखी बिघडलं, हात-पाय एकदम गळाला किंवा डोकं कधी नव्हे एवढं दुखलं, तर घरी ॲस्पिरिन चघळायला द्यायची नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी केल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी उलटच काम करते. १०८ ला फोन करा, आणि दोन्ही वेळा कॅज्युअल्टीत पोचल्यावर नाव सांगायच्याही आधी सांगा : ‘हॅमरेज होऊन गेलंय, इकोस्प्रिन, एप्टॉइन आणि आर्कामिन चालू आहे.’ डबा सोबत असू द्या.